‘शकुन’ : शब्दाचे मूळ, अर्थविस्तार आणि सामाजिक परिणाम

सारांश

मराठीत ‘शकुन’ हा शब्द भावी शुभाशुभाची सूचना देणारी खूण या अर्थाने रूढ आहे. मूळ संस्कृतात मात्र या शब्दाचा अर्थ ‘पक्षी’ असा होता. पक्षी, पक्ष्याने दिलेली सूचना, कोणतीही सूचना, केवळ शुभ सूचना आणि अखेरीस एखाद्या व्यक्तीवर लादलेले शुभाशुभत्व, असा या शब्दाचा प्रवास झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात या प्रवासाचे टप्पे कोश, प्राचीन वाङ्मय आणि मराठी बोलव्यवहार यांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. शकुन हा ‘सूचक’ असतो, ‘कारक’ नसतो, हे शकुनशास्त्राचेच मूळ गृहीतक होते. ते विसरले गेल्याने झालेल्या सामाजिक हानीचाही येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : शकुन, निमित्त, व्युत्पत्ती, अर्थविस्तार, अर्थसंकोच, अपशकुन, लोकसमजूत.

प्रस्तावना

भविष्याविषयीची उत्सुकता आणि भीती या मानवी मनाच्या आदिम प्रेरणा आहेत. शेतीला पाऊस हवा, प्रवासाला निर्विघ्नता हवी, विवाहाला सुख हवे. परंतु यांपैकी काहीही माणसाच्या पूर्ण अधीन नाही. या अनिश्चिततेतून सभोवतालच्या सृष्टीत खुणा शोधण्याची प्रवृत्ती निर्माण झाली. ही प्रवृत्ती जवळजवळ सर्व प्राचीन समाजांत आढळते. तिचे नाव मात्र प्रत्येक भाषेने आपापल्या अनुभवातून घडविले. म्हणून त्या नावाचा अभ्यास हा केवळ कोशगत जिज्ञासेचा विषय राहत नाही. तो शब्द वापरणाऱ्या समाजाने काय पाहिले आणि पुढे कशाकडे पाहणे सोडून दिले, याचा तो पुरावा ठरतो. ‘शकुन’ या शब्दाच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे.

‘शकुन’ शब्दाची व्युत्पत्ती

परंपरेने हा शब्द ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे या धातूपासून साधला जातो. उणादिसूत्रांत ‘शक्’ धातूला उन, उन्त, उन्ति आणि उनि असे चार प्रत्यय लावून शकुन, शकुन्त, शकुन्ति आणि शकुनि अशी चार रूपे सिद्ध केली आहेत. या चारही रूपांचा अर्थ पक्षी असाच आहे. यास्काचार्यांनी निरुक्तात ‘शकुनि’ शब्दाचे एकाहून अधिक निर्वचन दिले आहे. स्वतःला वर उचलून नेण्यास जो समर्थ आहे तो शकुनि, नाद करण्यास जो समर्थ आहे तो शकुनि, अशा त्यांच्या उपपत्ती आहेत. आधुनिक भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती निर्विवाद नाही. तथापि उडणे आणि आवाज करणे या ज्या दोन सामर्थ्यांकडे यास्कांचे लक्ष गेले, त्याच दोन गोष्टींवर पुढील काळात सारे शकुनशास्त्र उभे राहिले, ही बाब लक्षणीय आहे. पक्षी कोणत्या दिशेने गेला आणि तो कसा ओरडला, हेच शकुन पाहणाऱ्याचे मुख्य प्रश्न होते.

अमरकोशात शकुन, शकुनि, शकुन्त आणि शकुन्ति हे शब्द खग, विहग, द्विज यांच्या पंक्तीत, म्हणजे पक्ष्याच्या पर्यायांत येतात. महाभारतातील ‘शकुंतला’ हे नावही याच शब्दापासून आले. निर्जन वनात टाकलेल्या त्या बालिकेचे रक्षण शकुंतांनी, म्हणजे पक्ष्यांनी केले, म्हणून कण्वांनी तिला ते नाव दिले अशी आदिपर्वातील कथा आहे. गांधारराजपुत्र शकुनीच्या नावाचा शब्दार्थही पक्षी हाच होय. आज मराठी वाचकाला या दोन्ही नावांत पक्षी जाणवत नाही, कारण शब्दाचा तो अर्थ मराठीत लुप्त झाला आहे.

मेदिनीकोशात या संक्रमणाची नोंद सापडते. तेथे पुल्लिंगी ‘शकुन’ म्हणजे पक्षी आणि नपुंसकलिंगी ‘शकुन’ म्हणजे शुभसूचक निमित्त अशी विभागणी केली आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ लिंगभेदाने वेगळे राखण्याचा हा प्रयत्न होता. मराठीत ‘शकुन झाला’, ‘चांगला शकुन’ असा पुल्लिंगी प्रयोग रूढ झाला. म्हणजे लिंग पक्ष्याचे राहिले आणि अर्थ निमित्ताचा राहिला. पाली भाषेत ‘सकुण’ म्हणजे पक्षी. हिंदीत ‘सगुन’ वा ‘शगुन’, पंजाबीत ‘शगन’ आणि गुजरातीत ‘शुकन’ ही रूपे मुख्यतः शुभचिन्ह किंवा शुभप्रसंगीची भेट या अर्थी प्रचलित आहेत.

अन्य भाषांतील समांतर उदाहरणे

पक्षीवाचक शब्दाला भविष्यसूचक अर्थ येणे ही केवळ संस्कृतची विशेषता नाही. लॅटिनमधील ‘ऑस्पिसियम’ हा शब्द ‘आविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे यांच्या संयोगाने बनला आहे. प्राचीन रोममध्ये महत्त्वाच्या राजकीय व लष्करी निर्णयांपूर्वी असे पक्षीनिरीक्षण हा राज्यव्यवहाराचा अधिकृत भाग होता. ग्रीक भाषेत ‘ओइओनोस’ हा शब्द मोठा, एकाकी उडणारा शिकारी पक्षी आणि भविष्यसूचना या दोन्ही अर्थांनी येतो. ॲरिस्टोफेनिस या नाटककाराने इ. स. पू. ४१४ मध्ये सादर झालेल्या ‘पक्षी’ या प्रहसनात, माणसे शिंकेलाही पक्षी म्हणतात आणि वाटेत भेटलेल्या गाढवालाही पक्षी म्हणतात, अशी थट्टा केली आहे. अरबीत ‘तैर’ म्हणजे पक्षी. त्यापासूनच अपशकुन मानण्याला ‘तियरा’ हा शब्द आला. इस्लामपूर्व अरबस्तानात पक्ष्याला उडवून तो उजवीकडे जातो की डावीकडे, हे पाहण्याची चाल होती. पुढे इस्लामी परंपरेने ‘तियरा’ निषिद्ध ठरविली.

परस्परांपासून दूर असलेल्या या समाजांनी एकाच प्रकारे शब्द घडवावा, याचे कारण पक्ष्याच्या जीवनक्रमात शोधता येते. पक्षी उंचावरून पाहतो, ऋतूप्रमाणे येतो व जातो आणि माणसाच्या आधी संकटाची चाहूल घेऊन कोलाहल करतो. पृथ्वी आणि आकाश यांच्या दरम्यान वावरणारा हा जीव देवांचा निरोप्या वाटणे स्वाभाविक होते.

वैदिक ते शास्त्रीय परंपरा

ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील ४२ आणि ४३ ही सूक्ते शकुनी पक्ष्याला उद्देशून आहेत. परंपरेने तेथे कपिंजलरूपी इंद्र ही देवता मानली जाते. घराच्या दक्षिणेकडून मंगल वाणी बोलण्याची विनंती ऋषी या पक्ष्याला करतो आणि त्याच्या स्वराची तुलना साम गाणाऱ्या उद्गात्याशी करतो. विशेष म्हणजे ससाण्याने वा गरुडाने तुला मारू नये, बाण धारण करणाऱ्या वीरानेही तुला गाठू नये, अशी प्रार्थना तो त्या पक्ष्यासाठीच करतो. सूचना देणाऱ्याच्या जीविताची काळजी हा शकुनकल्पनेचा प्राचीन पैलू आहे. याच ग्रंथाच्या दहाव्या मंडलातील १६५ व्या सूक्तात याउलट चित्र दिसते. तेथे घरात शिरलेले कपोत हे निर्ऋतीचे दूत मानले असून ते निरुपद्रवी ठरावे आणि घुबडाचे ओरडणे व्यर्थ जावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. म्हणजे शुभ आणि अशुभ अशा दोन्ही सूचना पक्ष्यांकडून येतात ही समजूत वैदिक काळातच दृढ झाली होती.

या विषयाला व्यवस्थित शास्त्ररूप मिळालेले दिसते ते वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील या ग्रंथात शाकुनविषयक अनेक अध्याय असून कावळा, कोल्ही, कुत्रा इत्यादींच्या आवाजांचा व हालचालींचा स्वतंत्र विचार केला आहे. सूर्याने सोडलेली, सूर्य जीत आहे ती आणि सूर्य जीत जाणार आहे ती, अशा तीन दिशांना अनुक्रमे अंगारिणी, दीप्ता व धूमिता म्हटले असून उरलेल्या दिशा शांत मानल्या आहेत. एकच स्वर कोणत्या दिशेकडून आला यावर त्याचे फळ बदलते. पुढे वसंतराज या ग्रंथकाराने केवळ शकुनांवर स्वतंत्र संस्कृत ग्रंथ लिहिला आणि अकबराच्या काळातील जैन पंडित भानुचंद्र गणी यांनी त्यावर टीका रचली.

बृहत्संहितेतील एक तात्त्विक विधान प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. माणसाने अन्य जन्मांत जे शुभाशुभ कर्म केले त्याचा परिपाक, तो प्रवासाला निघाला असता, शकुन त्याला निवेदन करतो, असे वराहमिहिर सांगतात. येथे क्रिया ‘निवेदन करणे’ ही आहे. पक्षी फळ घडवीत नाही. तो केवळ कळवितो. फळाचे कारण ज्याचे त्याच्याच कर्मात मानले आहे. कर्मसिद्धांत मान्य असो वा नसो, शास्त्राच्या स्वतःच्या चौकटीत शकुन हा ज्ञापक आहे, कारक नाही, हे यावरून स्पष्ट होते.

समानार्थी वाटणाऱ्या संज्ञांतील भेद

शकुन, निमित्त, उत्पात, अरिष्ट आणि उपश्रुती या संज्ञा अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. त्यांच्या अर्थछटा मात्र भिन्न आहेत. ‘निमित्त’ ही सर्वांत व्यापक संज्ञा असून तिच्यात चिन्ह आणि कारण हे दोन्ही अर्थ सामावतात. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन विपरीत निमित्तांचा उल्लेख करतो, तो चिन्ह या अर्थाने. मराठीत ‘निमित्त’ शब्दाचा चिन्हवाचक अर्थ मागे पडून कारण किंवा सबब हा अर्थ उरला. ‘उत्पात’ म्हणजे भूकंप, उल्कापात यांसारखी निसर्गक्रमाविरुद्धची घटना. दिव्य, आंतरिक्ष आणि भौम असे तिचे तीन भेद मानले जातात. ‘अरिष्ट’ ही आयुर्वेदात मरणसूचक लक्षणाची संज्ञा आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात अशा लक्षणांबरोबरच वैद्याला बोलावण्यास आलेल्या दूतावरून घ्यावयाच्या सूचनांचाही विचार आहे. ‘उपश्रुती’ म्हणजे सहज कानी पडलेल्या शब्दावरून भविष्य ताडणे. जुन्या मराठीतील ‘शकुनगाठ बांधणे’ हा प्रयोग, म्हणजे शुभ शब्द कानी येताच वस्त्राला गाठ मारणे, उपश्रुतीच्याच कल्पनेशी नाते सांगतो.

महाराष्ट्र व गोव्यातील लोकपरंपरा

मराठी लोकजीवनात शब्दातील पक्षी विसरला गेला तरी व्यवहारातील पक्षी टिकून राहिला. अंगणात कावळा ओरडला की पाहुणा येणार ही समजूत सर्वपरिचित आहे. ज्ञानदेवांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या एका विराणीत विठ्ठलाच्या आगमनाची वार्ता सांगण्याची विनवणी कावळ्यालाच केली आहे. भारद्वाज दिसणे, दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन होणे हे शुभ मानले जाते. ‘पिंगळा’ हे तर छोट्या घुबडाचेही नाव आहे आणि पहाटे कंदील घेऊन दारी येणाऱ्या, त्या पक्ष्याची भाषा जाणण्याचा दावा करणाऱ्या भविष्यकथकाचेही आहे. पक्ष्याचे नाव भविष्यकथकाला मिळणे, ही ‘शकुन’ शब्दाचीच प्रक्रिया मराठीत पुन्हा एकदा घडलेली दिसते. कुडमुडे वाजवून भविष्य सांगणारा जोशी हा या परंपरेचा दुसरा प्रतिनिधी असून एकनाथांनी भारुडातून जोश्याचे सोंग परमार्थबोधासाठी वापरले.

पक्ष्याशिवायचे शकुनही येथे विपुल आहेत. कोकण व गोव्यातील देवळांत देवाच्या मूर्तीला पाण्याने फुले वा पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारला जातो आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते यावरून होकार-नकार ठरतो. याला ‘कौल लावणे’ किंवा ‘प्रसाद लावणे’ म्हणतात. ‘कौल’ हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ शब्द, वचन असा आहे. आज निवडणुकीच्या निकालाला ‘जनतेचा कौल’ म्हटले जाते, तेव्हा देवळातील ही संज्ञा लोकशाहीच्या व्यवहारात आलेली असते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला धान्याची घटमांडणी करून दुसऱ्या पहाटे तिच्यावरून पाऊस व पिके यांचे भाकीत केले जाते. ‘शकुनवंती’ नावाच्या छोट्या पुस्तिकांत कोष्टकावर बोट ठेवून उत्तर शोधण्याची सोय असते.

यांपैकी काही खुणांना निरीक्षणाचा आधार आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ओरडणाऱ्या पावशा पक्ष्याच्या स्वरात शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ असे शब्द ऐकू येतात. चातक पक्षी मॉन्सूनच्या आगमनकाळी आफ्रिकेतून महाराष्ट्रात येतो. येथे पक्षी आणि पाऊस यांचा ऋतुचक्राने जोडलेला खरा संबंध आहे. अशा खुणेला ‘लक्षण’ म्हणणे अधिक योग्य ठरेल. भारद्वाज दिसला म्हणून न्यायालयातील दावा जिंकणे यात मात्र असा कोणताही दुवा दाखविता येत नाही. लक्षणाची पडताळणी होऊ शकते. शकुनाच्या बाबतीत जुळलेला प्रसंग स्मरणात राहतो आणि न जुळलेले असंख्य प्रसंग विस्मृतीत जातात.

भाषेवर उमटलेला ठसा

शकुनाच्या भीतीने मराठी भाषेलाही वळण दिले आहे. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे, निघालेल्यास ‘कुठे’ असे विचारू नये, हे संकेत घराघरांत पाळले गेले. नारळ ‘फोडणे’ आणि दुकान ‘बंद करणे’ या क्रियांसाठी ‘वाढवणे’ हे क्रियापद आले. बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ असे म्हटले जाते. अशुभ शब्द उच्चारल्याने अशुभ घडेल या समजुतीतून नाश दाखविणाऱ्या क्रियेला वृद्धीचे नाव मिळाले.

दुसऱ्या बाजूने काही शकुन श्रद्धेतून निघून निव्वळ वाक्प्रचार बनले. ‘शंकेची पाल चुकचुकणे’ असे लिहिणाऱ्याला भिंतीवरची पाल अभिप्रेत नसते. ‘मांजर आडवे जाणे’ म्हणजे अडथळा येणे. येथे बाहेरची खूण मनाच्या अवस्थेचे रूपक झाली आहे. श्रद्धा ओसरल्यावरही भाषा तिचे अवशेष जपते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

‘शकुन’ शब्दाच्या अर्थात संकोचही झाला. तो मुळात शुभ आणि अशुभ या दोहोंचा वाचक होता. ‘शकुन झाला’ असे विशेषणाविना म्हटले की मराठीत आज बहुधा शुभच अर्थ निघतो. अशुभासाठी ‘अप’ हा उपसर्ग जोडून ‘अपशकुन’ हा वेगळा शब्द वापरावा लागतो. या विभागणीतूनच ‘अपशकुनी’ हे विशेषण तयार झाले आणि ते माणसाला लावले जाऊ लागले.

सूचकापासून दोषीपर्यंत

प्रयाणाच्या वेळी भेटणाऱ्या शुभाशुभ गोष्टींच्या याद्यांत पशुपक्ष्यांबरोबर हळूहळू माणसेही आली. सवाष्ण समोर आली तर शुभ, विधवा आली तर अशुभ, ही समजूत त्यांपैकी सर्वांत क्रूर म्हटली पाहिजे. नव्या सुनेच्या आगमनानंतर घरात मृत्यू झाला तर तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हटले गेले. ‘आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन’ ही म्हण मत्सरावर असली, तरी व्यंग असलेले शरीर म्हणजेच अपशकुन हे गृहीतक तिच्या पोटात आहे.

येथे एक तार्किक उलटापालट झालेली दिसते. शास्त्रानुसार शकुन पाहणाऱ्याला त्याच्याच कर्माचे फळ कळविले जाते. अपशकुनी ठरविलेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र निरोप्यालाच अपराधी मानले गेले. पाहणाऱ्याचे भवितव्य बिघडल्याची जबाबदारी दिसलेल्या व्यक्तीवर टाकली गेली. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाचा अधिकार दिला; परंतु मंगलप्रसंगी तिने मागे राहावे हा संकेत कायद्याच्या कक्षेबाहेर टिकला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने या ठरावाचे अनुकरण करण्याचे आवाहन अन्य ग्रामपंचायतींना केले. एकविसाव्या शतकात असा ठराव करावा लागला, यावरून ‘अपशकुन’ ही संकल्पना केवळ कोशात उरलेली नाही, हे स्पष्ट होते.

पक्ष्याची गतीही याहून वेगळी नाही. अंधश्रद्धेपोटी घुबडांची शिकार व विक्री होते आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ती प्रतिबंधित असूनही पूर्णपणे थांबलेली नाही. उंदीर खाऊन शेतकऱ्याला साह्य करणारा हा पक्षी अशुभाचे प्रतीक म्हणून मारला जातो. ऋग्वेदातील ऋषीने शकुनी पक्ष्यासाठी मागितलेले अभय येथे आठवते.

शकुनावरील टीकेची परंपरा

शकुनविचारावरील आक्षेप आधुनिक काळातच सुरू झाले, असे मानणे योग्य नाही. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात हीन विद्यांच्या यादीत पक्षीविद्या आणि काकविद्या यांची गणना असून भिक्षूने त्यांवर उपजीविका करू नये असे सांगितले आहे. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखात आजारपण, विवाह, अपत्यजन्म व प्रवास या प्रसंगी लोक करीत असलेल्या नाना मंगलविधींना अल्पफलदायी म्हटले आहे. दास व सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान हेच खरे मंगल, असा त्याचा आशय आहे. याच लेखाचा एक तुकडा महाराष्ट्रात सोपारा येथे सापडला आहे. ‘मंगल’ हा शब्द टाकून न देता त्याचा आशय आचरणाकडे वळविण्याचा हा प्रयत्न आजही विचारार्ह आहे.

निष्कर्ष

१. ‘शकुन’ शब्दाचा मूळ अर्थ पक्षी असून पक्ष्याच्या उड्डाणाच्या व स्वराच्या निरीक्षणातून त्याला भविष्यसूचक अर्थ प्राप्त झाला. लॅटिन, ग्रीक व अरबी भाषांतही अशीच प्रक्रिया घडली आहे.

२. या शब्दाचा आधी अर्थविस्तार (पक्षी ते कोणतीही सूचना) आणि नंतर अर्थसंकोच (केवळ शुभ सूचना) झाला. मेदिनीकोशातील लिंगभेद हा या संक्रमणाचा महत्त्वाचा पुरावा आहे.

३. ऋतुचक्राशी निगडित ‘लक्षण’ आणि कार्यकारणभाव नसलेला ‘शकुन’ यांत भेद करणे लोकपरंपरेच्या अभ्यासात आवश्यक आहे.

४. शास्त्रग्रंथांच्या स्वतःच्या भूमिकेनुसारही शकुन हा सूचक आहे, कारक नाही. त्यामुळे कोणत्याही व्यक्तीला ‘अपशकुनी’ ठरविणे हे विज्ञानाला तर धरून नाहीच, पण ज्या परंपरेचा हवाला दिला जातो तिच्या तर्कालाही धरून नाही.

समारोप

‘शकुन’ शब्दाने मुळात माणसाला मान वर करून आकाशाकडे पाहावयास लावले. तेथे एक मुक्त जीव होता आणि त्याच्या हालचालींचे बारीक निरीक्षण होते. काळाच्या ओघात ती नजर खाली आली आणि उंबरठ्यावर उभ्या असलेल्या स्त्रीच्या कपाळावर स्थिरावली. शब्दाच्या मुळाशी जाण्याने ही वाट आपोआप बदलणार नाही. तथापि वर्गात शाकुंतल शिकविताना ‘शकुंत’ म्हणजे पक्षी हे सांगून थांबण्याऐवजी त्याच मुळातून ‘अपशकुनी’ हा शब्द कसा निघाला, हेही विद्यार्थ्यांसमोर ठेवले, तर भाषेच्या अध्ययनाला सामाजिक प्रयोजन लाभेल, असे म्हणता येईल.